जर्मनीची २३ फेब्रुवारीची निवडणूक: माझं पहिलं मत, आणि ज्यांना मतच नाही ते आपण सगळे

निळी_छत्री
२ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. गेल्या आठवड्यात जे झालं त्यानंतर राहवेना, म्हणून आज बसलेच.

मी श्टुटगार्टजवळ राहते. इथे येऊन अकरा वर्षं झाली. गेल्या ऑक्टोबरात जर्मन नागरिकत्व मिळालं आणि पुढच्या महिन्यात माझा भारतीय पासपोर्ट 'रद्द'चा शिक्का बसून परत आला. त्या शिक्क्यावरून कितीतरी वेळ बोट फिरवत बसले होते. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. आज सांगायचंय ते असं की मागच्या आठवड्यात टपालपेटीत एक पत्र आलं. साधाच कागद. त्यावर मतदारयादीतला माझा क्रमांक, मतदारसंघ, केंद्राचा पत्ता (माझ्या मुलाचीच शाळा निघाली), तिथे व्हीलचेअर जाते की नाही याची खूण, आणि पोस्टाने मत द्यायचं असेल तर त्याचा अर्ज. मी नाव नोंदवायला कुठेही गेले नव्हते. इथे घर बदललं की नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्याच नोंदीवरून यादी बनते. ते पत्र मी फ्रिजवर लावलंय.

आता ही निवडणूक आत्ताच का, ते ज्यांनी लक्ष ठेवलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२१ पासून तीन पक्षांचं सरकार होतं: लाल एसपीडी, पिवळा एफडीपी आणि हिरवा ग्रीन पक्ष. म्हणून इथे सगळे त्याला 'सिग्नल' म्हणायचे. पावणेदोनशे पानांचा करारनामा करून एकत्र आले होते. गाडं अडलं ते पैशापाशी. जर्मनीने २००९ मध्ये घटनेतच लिहून ठेवलंय की केंद्र सरकारने साध्या वर्षात जीडीपीच्या ०.३५ टक्क्यांहून जास्त नवं संरचनात्मक कर्ज काढायचं नाही. कोविडच्या काळात मंजूर झालेले पण न वापरलेले ६० अब्ज युरो सरकारने हवामान निधीकडे वळवले होते, ते २०२३ च्या नोव्हेंबरात घटना न्यायालयाने रद्द ठरवले. तिथून पुढे प्रत्येक अर्थसंकल्पाला हाणामारी. शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री एसपीडीचे चॅन्सेलर (म्हणजे इथले पंतप्रधान) शोल्झ यांनी एफडीपीचे अर्थमंत्री लिंडनर यांना काढून टाकलं. १६ डिसेंबरला शोल्झ यांनी विश्वासदर्शक ठराव मांडला आणि मुदतीआधी निवडणूक घेता यावी म्हणून ठरवून हरले: बाजूने २०७, विरोधात ३९४, तटस्थ ११६. २७ तारखेला राष्ट्राध्यक्षांनी संसद, म्हणजे बुंडेसटाग, विसर्जित केली. तिथून ६० दिवसांत निवडणूक घ्यावी लागते.

हे झालं निमित्त. प्रचार मात्र कर्जावर चाललेला नाही. तो चाललाय स्थलांतरितांवर, म्हणजे थोडाफार आपल्यावरच. २० डिसेंबरला माग्डेबुर्गच्या नाताळ बाजारात गाडी घातली गेली. २२ जानेवारीला आशाफेनबुर्गच्या बागेत एका अफगाण माणसाने चाकूने दोघांचा जीव घेतला, त्यात एक दोन वर्षांचं मूल होतं. त्या बातमीने मी दोन रात्री झोपले नाही. मग २९ तारखेला विरोधातल्या सीडीयु या पुराणमतवादी पक्षाचे नेते मेर्झ यांनी सीमा बंद करण्याबद्दलचा ठराव संसदेत आणला आणि तो ३४८ विरुद्ध ३४४ ने मंजूर झाला, तोही एएफडी या कट्टर उजव्या पक्षाच्या मतांवर. एएफडीबरोबर कसलंही सहकार्य करायचं नाही, अशी इतर पक्षांची आजवरची भूमिका. तिला इथे 'आगभिंत' म्हणतात, दोन घरांमध्ये आग पसरू नये म्हणून बांधतात ती भिंत. तिला तडा गेला असं म्हणत लोक रस्त्यावर उतरले. खुद्द माजी चॅन्सेलर मेर्कल यांनी आपल्याच पक्षाच्या नेत्याला जाहीरपणे चुकीचं ठरवलं. ३१ तारखेला त्याच विषयावरचा कायदा मात्र पडला. आज बर्लिनमध्ये लाखाच्या वर लोक जमले होते.

मला तुमच्याकडून ऐकायचंय. इथे राहणारे काय विचार करताहेत? कोणाला मत आहे, कोणाला नाही? आणि देशातून वाचणाऱ्यांना ही पद्धत कशी वाटते? मतभेद जरूर मांडा, फक्त कोणाच्या धर्मावर किंवा जातीवर घसरू नका.

मेंदीचं_पान
२ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:१५

ताई, मनापासून अभिनंदन! पत्राचं वाचून डोळे भरून आले.

मी म्युनिकला. २०२१ मध्ये ब्लू कार्डवर (कुशल कामगारांच्या परवान्यावर) आले. मत नाही, पण घरी-ऑफिसात दुसरा विषय नाही. जेवायच्या सुट्टीत सगळे कोण कुठे मत देणार ते बोलतात आणि मग कोणीतरी माझ्याकडे वळून विचारतं, तुझं काय? मला मत नाही म्हटलं की टेबलावर क्षणभर शांतता होते.

दोन प्रश्न. इथे रस्त्यावर सीएसयुचीच पोस्टरं आहेत, सीडीयुचं एकही नाही, असं का? आणि नागरिकत्वाचा कायदा पुन्हा बदलणार असं ऐकतेय ते खरं का?

निळी_छत्री
२ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:५०

@मेंदीचं_पान, पहिलं सोपं आहे. सीएसयु फक्त बायर्न राज्यात लढते आणि सीडीयु बायर्न सोडून सगळीकडे. संसदेत दोघांचा गट एकच. त्यामुळे तुझ्या मैत्रिणींना मेर्झ चॅन्सेलर व्हायला हवे असतील तरी त्यांच्या मतपत्रिकेवर सीडीयु हे नाव सापडणार नाही.

दुसरं तुझ्या जिव्हाळ्याचं आहे म्हणून नीट सांगते. २७ जून २०२४ पासून आठऐवजी पाच वर्षांनी अर्ज करता येतो, आणि जर्मनीच्या बाजूने दुहेरी नागरिकत्वही चालतं. त्याचा आपल्याला उपयोग नाही, कारण भारताच्या बाजूने चालत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपलं संपतं आणि हाती ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचं, कार्ड येतं. पण पाच वर्षांचा फायदा आपल्याला आहेच. ही सुधारणा मागे घेऊ असं सीडीयु-सीएसयुने जाहीरनाम्यात म्हटलंय. म्हणजे तू २०२६ ला अर्ज करायच्या बेतात असशील तर ते २०२९ वर जाऊ शकतं. जाऊ शकतं, जाईलच असं नाही. ते एकट्याने सरकार बनवतील असं कोणतीही पाहणी सांगत नाही, आणि साथीला कोण येतं त्यावर बरंच ठरेल.

कट्टेकरी
३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ८:२०

पुण्याहून वाचतोय. उत्तम धागा.

दोन मतं असतात म्हणे, ती कशी? आणि मतदान कागदावर होतं ना? आमच्याकडे नुकतीच विधानसभा झाली. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी डिसेंबरात गावापुरतं कागदी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान करून बघायचं ठरवलं होतं, प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. तेव्हापासून कट्ट्यावर रोज हाच वाद. कागदावर घेतलं तर मोजायला आठवडा लागेल असं एक गट म्हणतो. तिकडे काय होतं?

निळी_छत्री
३ फेब्रुवारी २०२५, रात्री ८:०५

@कट्टेकरी, हा माझा आवडता विषय, त्यामुळे लांबेल.

मतपत्रिकेला दोन रकाने असतात. डावीकडे काळ्या छपाईत पहिलं मत: आपल्या मतदारसंघातला उमेदवार. उजवीकडे निळ्यात दुसरं मत: पक्षाची राज्यातली यादी. नावं ऐकून पहिलं मत मोठं वाटतं, पण संसदेत कोणाच्या किती जागा हे दुसऱ्या मतानेच ठरतं. माझ्या शेजारच्या आजी चाळीस वर्षं मत देताहेत, त्यांनाही पहिलंच महत्त्वाचं वाटत होतं. मी नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी शिकले होते म्हणून त्यांना सांगू शकले.

मतदारसंघ २९९ आहेत. पूर्वी तिथे जिंकलेला प्रत्येक जण संसदेत जायचाच. एखाद्या पक्षाला त्याच्या वाट्यापेक्षा जास्त मतदारसंघ मिळाले की इतरांना भरपाईच्या जागा द्याव्या लागायच्या. असं करत २०२१ ला सभागृह ७३६ वर गेलं. आता कायदा बदलून आकडा ६३० वर पक्का केलाय. त्याची किंमत अशी की मतदारसंघ जिंकूनही माणूस घरी बसू शकतो. पक्षाच्या दुसऱ्या मतांचा वाटा पुरला नाही तर सर्वांत कमी टक्क्यांनी जिंकलेले बाहेर राहतात. मला हे पटत नाही. लोकांनी निवडून दिलेला माणूस यादीच्या हिशोबात गळावा, हे मतदाराला कसं समजावणार? पण गेल्या जुलैत घटना न्यायालयाने ते ग्राह्य धरलंय.

आता कागद. २००५ च्या निवडणुकीत काही ठिकाणी मतदानयंत्रं वापरली होती. २००९ मध्ये घटना न्यायालयाने तो वापर घटनाबाह्य ठरवला. घोटाळा झाला असं न्यायालयाने म्हटलं नाही. म्हणणं एवढंच की मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे कुठल्याही सामान्य नागरिकाला, विशेष तांत्रिक ज्ञान नसताना, स्वतः तपासता आले पाहिजेत. मला हे वाक्य वाचून फार बरं वाटलं होतं.

मोजायला आठवडा नाही लागत. मतदान रविवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. सहाला दारं बंद करून नाही, उघडी ठेवून त्याच खोलीत मोजणी सुरू होते. केंद्रागणिक मतं शेकड्यांत किंवा हजारभर असतात आणि मोजायला पाच ते नऊ माणसं. रात्री उशिरापर्यंत देशाचा आकडा हाती येतो. ही माणसं सरकारी नोकरच असतात असं नाही, साधे मतदार असतात. यंदा मीही नाव दिलंय आणि मला नेमणुकीचं पत्र आलंय. परवा प्रशिक्षण आहे, जाऊन आले की सांगते.

जुनी_पाटी
३ फेब्रुवारी २०२५, रात्री ११:३०

मी १९७१ ला आलो. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलो आणि त्याच जोरावर इथे नोकरी मिळाली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील तेव्हा शाळेत असतील.

तेव्हा संसदेत तीनच गट. सीडीयु-सीएसयु, एसपीडी, आणि मध्ये एफडीपी. एफडीपी ज्याच्या बाजूला जाईल त्याचं सरकार. १ ऑक्टोबर १९८२ ला मी कारखान्याच्या उपाहारगृहात उभा राहून टीव्ही बघत होतो. एफडीपीने एसपीडीचे चॅन्सेलर श्मिड्ट यांची साथ सोडली आणि सीडीयुचे कोल चॅन्सेलर झाले. निवडणूक नाही, काही नाही. एक जुना कामगार शेजारी रडत होता. मला तेव्हा वाटलं, ही तर सरळ फसवणूक. पण त्यातली शिस्त नंतर समजली. इथे चॅन्सेलरला नुसतं पाडता येत नाही. त्याच ठरावात नव्या माणसाचं नाव लागतं आणि त्याच्यामागे बहुमत लागतं. वायमारच्या, म्हणजे हिटलरच्या आधीच्या प्रजासत्ताकाच्या काळात एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष सरकार पाडायला तेवढे एकत्र यायचे आणि उभं करायच्या वेळी पांगायचे. त्यातून पुढे काय झालं ते जगाने बघितलं. म्हणून ही तजवीज. आजवर ती दोनदाच वापरली गेली. १९७२ ला तेव्हाचे चॅन्सेलर ब्रांट यांच्याविरुद्ध दोन मतांनी फसली आणि १९८२ ला लागू पडली.

पुढच्या वर्षी ग्रीन पक्षाचे लोक कुंड्या आणि फांद्या घेऊन संसदेत शिरले. आता सात-आठ पक्ष. आमची पिढी म्हणते की पूर्वी सोपं होतं. सोपं होतं हे खरं. पण त्या सोपेपणात माझ्यासारख्याबद्दल कोणी बोलतच नव्हतं. आम्हाला 'पाहुणे कामगार' म्हणायचे. पाहुण्याला कोण विचारतं घरात कोणता रंग लावू म्हणून?

छत्रीबाई, मोजणीला जाताय याचा फार आनंद झाला.

राईन_काठ
४ फेब्रुवारी २०२५, दुपारी १:१०

काका, तुमचा प्रतिसाद जपून ठेवलाय.

कोलोनहून. माझा छोटा व्यवसाय आहे, सहा माणसं कामाला. २०१९ पासून नागरिक. मी गेल्या वेळी एफडीपीला मत दिलं होतं आणि ते उघड सांगतो. कर्जाला लगाम असावा असं मला आजही वाटतं, माझ्या मुलांनी माझी उधारी का फेडावी? पण आता अडचण पाच टक्क्यांची. पाहण्यांमध्ये एफडीपी चारच्या आसपास दिसतेय. देऊ आणि वाया गेलं तर?

ज्यांना हे गणित नवीन आहे त्यांच्यासाठी: देशभरात पाच टक्के दुसरी मतं मिळाली नाहीत तर पक्षाला यादीतून एकही जागा नाही. २०१३ ला एफडीपी ४.८ वर आणि एएफडी ४.७ वर अडकली. सगळे छोटे मिळून १५.७ टक्के मतं वाया गेली. मेर्कल यांना ४१.५ टक्के मिळाले होते, तरी त्या बहुमताला पाचच जागा कमी पडल्या. समजा १४ टक्के मतं उंबऱ्याबाहेर राहिली तर उरलेल्या ८६ चे निम्मे, म्हणजे ४३ टक्क्यांच्या वर काहीही पुरतं. यंदा एफडीपी, डावा पक्ष आणि वागेनक्नेश्ट यांचा नवा पक्ष, तिघंही त्या रेषेच्या आजूबाजूला आहेत. हे तीन आत की बाहेर, त्यावर सरकारला दोन पक्ष पुरणार की तीन लागणार ते ठरेल. पुढारी दहा सभांमधून बोलतात त्यापेक्षा ही अर्ध्या टक्क्याची हालचाल मोठी आहे.

डाव्यांनी तर दुसरी वाट धरलीय. तीन मतदारसंघ जिंकले तर पाच टक्क्यांची अट लागत नाही. २०२१ ला ते ४.९ वर होते, पण बर्लिनमध्ये दोन आणि लाइपझिगमध्ये एक जागा जिंकून ३९ जण आत आले. यंदा गीझी, रामेलो, बार्श असे तीन ज्येष्ठ उतरवलेत आणि मोहिमेचं नावच 'रुपेरी केस' ठेवलंय.

निळी_छत्री
४ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:००

@राईन_काठ, एवढं स्वच्छ गणित मला जमलं नसतं, धन्यवाद. पण 'वाया' या शब्दाशी माझं भांडण आहे. मत वाया जाईल म्हणून सगळ्यांनी हात आखडता घेतला तर तो पक्ष त्या भीतीनेच पडतो. तुम्हाला एफडीपीचं म्हणणं पटत असेल तर द्यावं. नसेल पटत आणि फक्त जुनी सवय असेल तर देऊ नये. दुसऱ्याच्या पाहणीवर स्वतःचं मत टांगू नये असं मला वाटतं.

एक सुंदर अपवाद सांगते. उत्तरेला श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये डॅनिश अल्पसंख्याकांचा एक पक्ष आहे, त्याला पाच टक्क्यांची अट लागूच नाही. २०२१ ला त्यांचा एक माणूस संसदेत पोचला. लहान समाजाचा आवाज केवळ लहान आहे म्हणून दाबला जाऊ नये, हे कायद्यात लिहून ठेवलेलं मला फार आवडतं.

सांजवारा
५ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:२०

उत्रेख्टहून डोकावतेय. आमच्या नेदरलँड्समध्ये उंबराच नाही. दीडशे जागा, एका जागेपुरती मतं मिळाली की झालं, म्हणजे टक्क्याच्या दोन तृतीयांश. २०२३ च्या नोव्हेंबरात पंधरा पक्ष आत आले. मतपत्रिका टेबलावर पसरावी लागते, अंथरुणाच्या चादरीसारखी. त्यावर लाल पेन्सिलीने गोल भरायचा. आमच्याकडेही आधी यंत्रं होती, ती काढून पुन्हा कागद आणला.

पंधरा पक्षांचा तोटा असा की २२ नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर सरकारने शपथ घेतली ती पुढच्या वर्षी २ जुलैला. पण एक गोष्ट जर्मनीने आमच्याकडून घ्यावी. इथे पाच वर्षं कायदेशीर राहिलेल्या परदेशी माणसाला, पासपोर्ट कुठलाही असो, नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देता येतं. मी भारतीय पासपोर्टवर २०२२ ला दिलं. शाळेसमोरच्या रस्त्याला सायकलींचा वेगळा पट्टा हवा म्हणणाऱ्या बाईला दिलं. ती निवडून आली आणि पट्टा झाला. त्या पट्ट्यावरून लेकीला शाळेत सोडताना आजही मला ते मत आठवतं.

मेंदीचं_पान
५ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:४५

@सांजवारा, हेवा वाटला. इथे स्थानिक निवडणुकीत युरोपीय संघाच्या नागरिकांना मत आहे. माझी पोर्तुगीज शेजारीण मागच्या वर्षी आली, तिला लवकरच मत. मी चार वर्षं कर भरतेय, मला नाही.

दोन_घोट_चहा
८ फेब्रुवारी २०२५, सकाळी ११:३०

थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका.

फ्रँकफर्टला बारा वर्षं आहे. आपण जर्मनच्या परीक्षा देऊन, बँकेत पैसे अडकवून, व्हिसासाठी महिनोन् महिने थांबून आलो. रांगेत उभे राहिलो. मग जो रांग मोडून येतो, ज्याला परत जायचा आदेश झालाय तरी जात नाही, त्याच्याबद्दल कडक व्हा म्हटलं तर मी वाईट कसा? माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. संध्याकाळी ती लोकलने क्लासहून येते तेव्हा मी फलाटावर जाऊन उभा राहतो. आशाफेनबुर्ग आमच्यापासून तासाभरावर आहे. मी २३ तारखेला सीडीयुला मत देणार. एएफडीला नाही, कधीच नाही. पण मेर्झ यांनी तो विषय संसदेत आणला यात मला काही गैर दिसत नाही.

निळी_छत्री
९ फेब्रुवारी २०२५, दुपारी ४:१५

@दोन_घोट_चहा, रागवायचं काय त्यात? तुम्ही फलाटावर उभे राहता ते मला समजतं, मीही मुलाला एकटं सोडताना हल्ली दोनदा विचार करते. ज्या माणसाला परत पाठवायचं ठरलं होतं तो का राहिला, हा प्रश्न विचारायलाच हवा. आणि तुम्ही कोणत्या पक्षाला देता तो तुमचा हक्क. सीडीयुच्याच जाहीरनाम्यात कुशल कामगारांसाठी वेगळी, सगळं एका छताखाली करणारी संस्था काढायचंही आहे, तेही मी वाचलंय.

माझं म्हणणं इतकंच की त्या ठरावांत काय होतं तेही बघू. ३१ तारखेला जो कायदा पडला त्यात मर्यादित संरक्षण मिळालेल्या लोकांना कुटुंब आणायची वाट बंद करायची होती. ते लोक रांग मोडून राहिलेले नाहीत. त्यांना इथल्याच सरकारने राहायचा परवाना दिलेला आहे. त्यांची बायकामुलं येऊ न देण्याने आशाफेनबुर्ग कसं टळलं असतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट, रांगेतले आणि रांगेबाहेरचे हा फरक आपल्या कागदपत्रांत आहे, चेहऱ्यावर नाही. कार्ल्सरूऽमध्ये एएफडीने जानेवारीत विमानाच्या तिकिटासारखी पत्रकं वाटली ती बातमी तुम्ही वाचली असेल. एकेरी तिकीट, तारीख २३ फेब्रुवारी, प्रवाशाच्या नावाच्या जागी 'बेकायदा स्थलांतरित'. ज्याच्या घरात असं पत्रक पडतं तो आधी आपलं कार्ड काढून तारीख तपासतो, मग ते कार्ड कितीही पक्कं असो. मी तर नागरिक आहे, तरी त्या बातमीनंतर दोन दिवस बसमध्ये मराठीत फोन घेतला नाही. नंतर स्वतःचीच चीड आली आणि आईला मुद्दाम बसमधूनच फोन केला.

एकीकडे गेल्या ऑक्टोबरात शोल्झ दिल्लीला जाऊन सांगून आले की भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० करू. महाराष्ट्र सरकारनेही गेल्या फेब्रुवारीत आमच्या बाडेन-वुर्टेमबर्गशी मनुष्यबळाचा करार केलाय. म्हणजे जळगावचा, नांदेडचा मुलगा आत्ता जर्मनची ए१, म्हणजे पहिल्या पायरीची, परीक्षा देतोय. तो इथे उतरेल तेव्हा त्याच्याकडे बघायची नजर कशी असेल ते या निवडणुकीत ठरतंय, आणि त्याला त्यात मत नाही. माझ्याकडे ते आलंय. म्हणून मी एवढी पोटतिडकीने लिहितेय.

दोन_घोट_चहा
९ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळी ६:०२

बसमधल्या फोनचं वाचून गप्प झालो. माझी मुलगीही मला फलाटावर "बाबा, हळू बोला" म्हणते. मी समजत होतो की तिला माझ्या मोठ्या आवाजाची लाज वाटते. आज विचारलं. ती म्हणाली, लाज नाही, भीती.

मत सीडीयुलाच देईन बहुतेक. पण मतदारसंघातल्या उमेदवाराला आज ईमेल केली आणि कुटुंबांबद्दलचा तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

राईन_काठ
१७ फेब्रुवारी २०२५, रात्री ८:३०

धागा वर काढतोय. काल चौघांची चर्चा कोणी पाहिली? शोल्झ, मेर्झ, ग्रीनचे हाबेक, एएफडीच्या वायडेल. मला राहून राहून वाटत होतं की वीज आणि घरभाडं यावर अजून बोलावं. माझ्या सहाही माणसांची चिंता तीच आहे.

वाल-ओ-मात ही मत ठरवायला मदत करणारी ऑनलाइन प्रश्नावली सोडवली. नवीन लोकांसाठी: सरकारी नागरी शिक्षण संस्था २००२ पासून हे चालवते. ३८ विधानं येतात, प्रत्येकावर सहमत, असहमत किंवा तटस्थ म्हणायचं, महत्त्वाच्या विधानांना दुप्पट वजन द्यायचं, आणि कोणत्या पक्षाशी किती जुळतं ते दिसतं. प्रत्येक विधानावर पक्षांचं स्वतःचं स्पष्टीकरण असतं, ते वाचण्यात खरी मजा. माझं एफडीपीशी जुळलंच, पण पाठोपाठ ग्रीन आले, ते अपेक्षित नव्हतं.

पोस्टाने मत देणाऱ्यांनो, आता घाई करा. यंदा मतपत्रिका छापायलाच उशीर झाला. पाकीट २३ तारखेला संध्याकाळी सहापर्यंत पोचलं पाहिजे, आधीचा टपालशिक्का चालत नाही. माझी बायको पुण्याला गेलीय, तिचं पाकीट अजून तिथे पोचलेलं नाही. तिचं मत बुडाल्यात जमा आहे आणि याचं मला फार वाईट वाटतंय.

मेंदीचं_पान
२१ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:१०

ताई, प्रशिक्षणाचं सांगणार होतात ना? वाट बघतेय. आणि एक मनातलं. रविवारी सगळे मैत्रीण-मित्र मत द्यायला जाणार, नंतर कुठेतरी जमून निकाल बघणार. मला बोलावलंय. जावंसं वाटतंय आणि नाहीही. नुसतं बघ्यासारखं काय बसायचं?

निळी_छत्री
२२ फेब्रुवारी २०२५, रात्री ८:४५

उशिराबद्दल माफ करा. मुलगा तापाने आजारी होता, आता बरा आहे.

प्रशिक्षण दोन तासांचं झालं. आम्ही आठ जण: एक निवृत्त पोस्टमन, एक बेकरीवाली, दोन विद्यार्थी, असे. उद्या साडेसातला पोचायचं. कपड्यांवर कुठल्या पक्षाचं चिन्ह नको. आठच्या आधी पेटी उघडून ती रिकामी आहे हे सगळ्यांनी बघायचं आणि मग कुलूप. मतपत्रिकेचा वरचा उजवा कोपरा कापलेला असतो. का, ते मला माहीत नव्हतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्याकडे भोकं पाडलेला साचा असतो, तो कागदावर नीट बसावा म्हणून ती खूण. हे कळल्यावर मी त्या कोपऱ्याला हात लावून बघितला.

सहाला मोजणी. आधी पेटीतले सगळे कागद टेबलावर ओतून त्यांची संख्या यादीतल्या खुणांशी जुळवायची. मग गठ्ठे. दोन्ही मतं एकाच पक्षाला असलेले पक्षागणिक वेगळे. दोन मतं दोन पक्षांना विभागलेली किंवा एकच मत दिलेलं, त्यांचा वेगळा. कोरे वेगळे. आणि शंका असलेले सर्वांत शेवटी, एकेक हातात धरून, सगळ्यांना दाखवून, मंडळाने मत घेऊन ठरवायचे. फुली चौकटीबाहेर गेली पण हेतू स्पष्ट असेल तर मत धरायचं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, माणसाला काय म्हणायचंय ते समजून घ्यायचा प्रयत्न करा.

मी माझं मत ठरवलंय. इथे सांगत नाही, कारण उद्या त्या टेबलावर मला सगळ्यांचे कागद सारख्याच हाताने उचलायचेत.

@मेंदीचं_पान, तुझ्यासाठी मी मुद्दाम विचारून आले. मतदान आणि मोजणी दोन्ही सार्वजनिक असतात. खोलीत कोणीही येऊ शकतं, मतदार असायची, नागरिक असायची अट नाही, ओळखपत्रही कोणी मागत नाही. कामात अडथळा आणायचा नाही, एवढंच. उद्या सहाला पाच कमी असताना तुझ्या घराजवळच्या केंद्रावर जा. भिंतीशी उभी राहा आणि पेटी उघडताना बघ. कोणी विचारलंच तर सांग, मोजणी बघायला आलेय.

मेंदीचं_पान
२२ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:०३

कोपऱ्यावरच्या शाळेत आहे केंद्र, आत्ताच शोधलं. चालत चार मिनिटं. जाते.